पोरं परदेशी सेवेला, हिशेब दोन घरांचा

गावातल्या एखाद्या संस्थेत परदेशी विद्यार्थ्यांचा गट उतरला की पहिले दोन दिवस पोरासोरांची गर्दी होते. तिसऱ्या दिवशी पारावरची मंडळी कामाचा प्रश्न काढतात, "ही पोरं आली कुणाच्या पैशानं?" कुणी म्हणतो त्यांचं सरकार देतं. कुणी म्हणतो चर्च देतं. एखादा हळूच म्हणतो, "संस्थेलाच वरून मिळत असणार." प्रश्न अगदी रास्त आहे. परदेशातून येणाऱ्या सेवेबद्दल आपल्याकडे एकतर हारतुरे घालून बोलतात, नाहीतर संशयाने. हिशेबाने क्वचितच.

तसे सेवेचे शिबिर गावाला नवे नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली, तेव्हापासून कॉलेजची मुले मुक्कामाला येतात. झेडपीच्या शाळेच्या खोल्या, चार घरांतून गोळा केलेली भांडी, शेवटच्या दिवशी गोडाधोडाचे जेवण. खर्च कॉलेजच्या अनुदानातून, आणि कमी पडले तर गाव सांभाळून घेते. पोराला घरून एक चादर आणि दोन-चारशे रुपये मिळाले की झाले. परदेशी सेवेला निघालेल्या विद्यार्थ्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या मागे सगळे घर उभे असते, आणि तो जिथे उतरतो तिथेही एक घर त्याच्यासाठी राबत असते. पहिल्या घराचा खर्च पै-पैशाने लिहिला जातो. दुसऱ्या घराचा खर्च कुठेच लिहिलेला नसतो. गोम तिथे आहे.

विक्रोळीची जुनी गोष्ट

एके काळी हा सगळा भार सरकार उचलत असे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६१ साली 'पीस कोअर' काढले. त्यांचे स्वयंसेवक त्याच वर्षीपासून १९७६ पर्यंत भारतात येत राहिले. कुक्कुटपालन, शेती, आरोग्य, शाळा अशी त्यांची कामे असत. प्रवास, दवापाणी आणि साधेपणाने राहण्यापुरता भत्ता अमेरिकन सरकार देई. मुक्काम दोन वर्षांचा, येण्याआधी भाषेचे शिक्षण. घरच्यांनी फक्त पत्रे लिहायची.

त्यातले एक नाव महाराष्ट्राशी जोडलेले आहे. लिलियन कार्टर नावाच्या परिचारिका १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, मुंबईजवळ विक्रोळीला आल्या. गोदरेजच्या वसाहतीत त्यांनी आधी कुटुंबनियोजनाचे आणि मग दवाखान्याचे काम केले. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स गावचे त्यांचे घर शेंगदाणा पिकवणारे. तिथल्या लेकरांना त्यांनी विक्रोळीहून लिहिलेल्या पत्रांचे १९७७ साली पुस्तक झाले. त्याच वर्षी त्यांचा मुलगा जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष झाला होता. भुईमूगवाल्या घरातली आजी आपल्याकडे येऊन दवाखान्यात उभी राहिली, ही गोष्ट तशी कौतुकाचीच. पण मला तिच्यात दुसरेच महत्त्वाचे वाटते. बाई कामाची माहीतगार होत्या, पुरेसा काळ राहिल्या, आणि त्यांना पाठवण्यासाठी घराला कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

आज येणाऱ्या विद्यार्थ्यांत दोन आठवडे, चार आठवडे राहणारेच पुष्कळ. मधे एखादी कंपनी किंवा संस्था असते, ती राहण्या-जेवण्याची आणि 'कामाची' सोय करून देते आणि त्याचे शुल्क घेते. त्यावर विमानाचे तिकीट, व्हिसा, लसी, विमा. हे सगळे घरच्यांनी भरायचे. अमेरिका, इंग्लंडकडे त्याची एक रीतच पडून गेली आहे. मुलगा किंवा मुलगी नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, चर्चमधल्या मंडळींना पत्र लिहिते की, मी अमुक देशात सेवेला जाते आहे, मदत करा. आई केक भाजून विकते, पोरं शनिवारी लोकांच्या मोटारी धुतात, आजोबा तिकिटाचा वाटा उचलतात. आता हीच वर्गणी इंटरनेटवर गोळा होते. आपल्याकडे गणपतीला पावती फाडतात तसेच समजा, फक्त इथे पावती एका पोराच्या नावाची असते.

तेव्हा गोरे पोर दिसले की ते गडगंज घरचेच, ही आपली समजूत काही खरी नाही. कित्येक घरे साधी, नोकरदार असतात. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन पाठवलेले असते. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शंका घ्यायची ती पैशाच्या वाटेबद्दल.

तिकीट आणि गवंडी

एक ढोबळ हिशेब करू. समजा येण्या-जाण्याचे तिकीट ७० हजार रुपये झाले. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एका तिकिटात एका मजुराचे २२४ दिवस निघाले असते. आता हा विद्यार्थी येऊन जर शाळेच्या कुंपणाची भिंत बांधणार असेल आणि त्याने जन्मात थापी हातात धरलेली नसेल, तर भिंतीपुरता हा व्यवहार तोट्याचा आहे हे सांगायला अर्थशास्त्री नको. गावात गवंडी आहे, त्याला काम नाही, आणि विटा पाहुणा रचतो आहे! पाहुणा गेल्यावर ती भिंत पुन्हा ओळंब्यात घ्यायची पाळीही गवंड्यावरच येते.

पण तोच विद्यार्थी शिकायला आला असेल तर हिशेब पालटतो. नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधले, जामखेड याचे चांगले उदाहरण आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल २०१० साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली. गावोगावच्या कमी शिकलेल्या, काही तर अजिबात न शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केले. प्रकल्पाचे नाव झाले ते या बायकांमुळे. तिथे देशोदेशीचे विद्यार्थी प्रशिक्षणाला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या बायकाही असतात. बाळंतीण कशी सांभाळायची, जुलाब लागलेल्या पोराला साखर-मिठाचे पाणी कसे द्यायचे, सासूला कसे वळवायचे, हे परदेशी कॉलेजच्या पोरीला सांगणारी बाई शेणामातीत हात घातलेली असते. इथे विद्यार्थ्याच्या घरून येणारा पैसा हा शिकण्याचा मोबदला ठरतो. उपकार कुणावर नाही आणि गावाच्या गवंड्याचे कामही जात नाही.

जर्मनीने तिसरीच वाट काढली. २००८ साली तिथल्या विकास सहकार्य मंत्रालयाने 'वेल्टवेर्ट्स' नावाची योजना सुरू केली. १८ ते २८ वयाच्या मुला-मुलींनी विकसनशील देशात सहा महिने ते दोन वर्षे, बहुधा वर्षभर, सेवा करायची. खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंतचा वाटा सरकार देते. उरलेला पाठवणाऱ्या संस्थेने उभा करायचा, आणि त्यासाठी विद्यार्थ्याच्या भोवती 'मदत मंडळ' तयार होते. मावशी, काका, शाळेतले गुरुजी, आईच्या ऑफिसातली माणसे, कुणी महिन्याला पाच युरो, कुणी दहा. शिवाय मुलांसाठी आई-बापांना दरमहा मिळणारा सरकारी भत्ता या काळात बंद होत नाही. म्हणजे घरावर एकदम डोंगर कोसळत नाही, आणि गरीब घरची पोरगीही निघू शकते. मदत करणाऱ्यांना ती दर दोन-तीन महिन्यांनी सविस्तर पत्र धाडते. कोरोना आला तेव्हा, २०२० च्या मार्चमध्ये, सरकारनेच जगभरच्या या स्वयंसेवकांना माघारी बोलावले. खासगी सहलीवर गेलेल्यांना तो आधार नव्हता. मागे कोण उभे आहे हे अशा वेळी कळते.

जिथे हिशेब माणसांवर बेततो

भिंत वाकडी झाली तर पाडता येते. नेपाळ आणि कंबोडियात जे झाले ते तसे निस्तरण्यासारखे नाही. तिथे परदेशी विद्यार्थ्यांना 'अनाथाश्रमात सेवा' करायची हौस होती, आणि त्यासाठी त्यांची घरे पैसे मोजायला तयार होती. मागणी तशी पैदास. नेपाळमधली बहुतेक बालगृहे दुर्गम जिल्ह्यांत नाहीत. ती काठमांडूचे खोरे, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर आहेत. या दोन्ही देशांत पाहण्या झाल्या तेव्हा दिसून आले की आश्रमातल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा बाप, निदान एक तरी, जिवंत आहे. दलाल डोंगरातल्या शेतकऱ्याकडे जातो, "पोराला शहरात शिकवतो" म्हणतो, पैसेही घेतो, आणि पोर आश्रमात अनाथ म्हणून उभे राहते. तिकडे लंडनमधली आई लेकीच्या सेवेसाठी पैसे साठवते आहे, इकडे हुमल्यातली आई लेकाच्या शिक्षणासाठी. दोघींची माया खरी, आणि दोघींना लुटणारा धंदा एकच.

ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या समितीने २०१७ साली याची चौकशी केली. २०१८ साली तिथे आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला, आणि आश्रमांसाठी होणारी मुलांची वाहतूक हा गुलामगिरीचाच प्रकार आहे हे तिथे मान्य झाले. आपल्याकडे बालगृहांची नोंदणी २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सक्तीची आहे, आणि तिथल्या मुलांची ओळख उघड करायलाही मनाई आहे. तरी परदेशी पाहुणा आला की मुलांना रांगेत उभे करून फोटो काढणारे चालक आपल्याकडे नाहीत असे छातीठोक कुणी म्हणू नये. तुमच्या गावात असा पाहुणा 'आश्रम बघायला' येणार असेल, तर नोंदणीचा कागद आधी बघा. यात पाहुण्याचा अपमान होत नाही. त्याच्या आई-बापांना कळले तर ते तुमचे आभारच मानतील.

आणखी दोन कायदेशीर बाबी सरपंच आणि संस्थाचालकांनी ध्यानात ठेवाव्यात. पर्यटक व्हिसावर बिनमोबदल्याचे स्वयंसेवेचे काम जास्तीत जास्त एक महिना चालते. त्याहून अधिक काळ एखाद्या संस्थेत काम करायचे तर नोकरीच्या वर्गातला व्हिसा लागतो, मग पगार नसला तरी. दुसरी बाब पैशाची. परदेशातल्या कुणी प्रेमाने शाळेला देणगी पाठवली, तरी ती परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याखेरीज घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच उतरते आणि दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. "पोरीच्या वडिलांनी आपणहून पाठवले" हे कारण चौकशीत चालणार नाही.

आता उलटा प्रवास

इथवर आपण घेणाऱ्यांच्या बाजूने बोललो. पण हल्ली पाठवणाऱ्यांच्या बाजूला आपणही येऊ लागलो आहोत. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि जर्मनी हा शब्द तालुक्याच्या एसटी स्टँडवर ऐकू येऊ लागला. तो नोकरीचा मामला. सेवेची वाट वेगळी आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे.

वर सांगितलेल्या जर्मन योजनेत २०१३ पासून उलटी बाजू जोडली गेली. आपल्यासारख्या देशांतली १८ ते २८ वयाची मुले-मुली तिकडे जाऊन सेवा करू शकतात. जर्मनीने सक्तीची लष्करभरती थांबवली तेव्हा, २०११ साली, स्वतःची स्वयंसेवक योजना काढली होती. त्याच योजनेत आपली मुले घेतली जातात. वृद्धाश्रम, अपंगांच्या संस्था, बालवाड्या, पर्यावरणाची कामे. राहणे, जेवण, विमा आणि हातखर्च मिळतो. मात्र जागा थोड्या असतात. एकट्याने अर्ज टाकून भागत नाही, इथल्या भागीदार संस्थेमार्फत निवड होते, आणि थोडी तरी जर्मन यावी लागते.

आपल्या शेतकरी घराला यात खर्च किती? रोख म्हणाल तर पासपोर्टचे १५०० रुपये, फोटो, झेरॉक्स, मुंबईच्या खेपा, भाषेचा क्लास. खरा खर्च निराळाच आहे. वर्षभर दोन हात कमी होतात. आई विचारते, "तिकडं खाईल काय गं ही?" आजी म्हणते, "एकवीस लागलं, स्थळं यायची थांबतील." मुलगा असेल तर बाप म्हणतो, "म्हाताऱ्या परक्यांची सेवा करायला जर्मनीला कशाला, घरात आजा आहे की!" बापाचे बोलणे हसण्यावारी नेऊ नका, त्यात तथ्य आहे. आणि परत आल्यावर कॉलेजात पुढचा प्रवेश घ्यायचा तर 'गॅप सर्टिफिकेट' आणा, प्रतिज्ञापत्र करा. जर्मन मुलाने बारावीनंतर एक वर्ष सेवेत घातले तर तिकडे ते त्याच्या नावावर जमा धरतात. आपल्याकडे तेच वर्ष पोराला तहसीलच्या पायऱ्या चढायला लावते. सरकार परदेशी करार करते आहे तर विद्यापीठांना एवढे परिपत्रक काढायला काय अडचण आहे, कळत नाही.

एक गोष्ट आई-बापांनी मनाशी पक्की करावी. ही कमाईची जागा नाही. हातखर्चातून घरी पाठवायला काही उरणार नाही. पोरगा गेला आणि कर्ज फिटले, असे होणार नाही. म्हणूनच कुणी "सेवेच्या व्हिसावर जर्मनीला पोचवतो, दोन लाख द्या, पुढं नोकरी पक्की" म्हणाला, तर तो खोटे बोलतो आहे हे ओळखावे. परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक विचारला की निम्मे एजंट चहा न पिताच उठतात. यासाठी बैल विकू नका आणि गुंठाभर जमीनही गहाण टाकू नका.

त्यापेक्षा जर्मन घरांची मदत मंडळाची पद्धत उचलण्याजोगी आहे. एखाद्या हुशार पोरीच्या भाषेच्या क्लासची फी बचत गटाने, माजी विद्यार्थ्यांनी, पतसंस्थेने मिळून भरावी, आणि तिने दर दोन महिन्यांनी शाळेला पत्र लिहावे. लग्नात आहेर लिहून घेणारे आपले गाव, एवढी वही ठेवणे त्याला जड नाही.

राहिले ते ठेवून घेणारे घर. परदेशी विद्यार्थी गावात कुणाच्या घरी उतरतो तेव्हा त्याचे पाणी उकळणारी, कमी तिखटाची भाजी वेगळी टाकणारी, आंघोळीला आणि झोपायला आडोसा करून देणारी, अंधारात शौचाला जाताना बॅटरी घेऊन सोबत जाणारी त्या घरातली सूनबाई असते. तिचे रानातले काम काही सुटत नाही. रोजचे जादा दोन तास धरा. चार आठवड्यांचे ५६ तास झाले, म्हणजे आठ तासांचे सात रोज. रोजगार हमीच्याच दराने २१८४ रुपये. गॅस, दूध, वीज वेगळी. पाहुणा उतरल्याची खबर चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणीकडे द्यावी लागते, तो व्याप घरधन्याचा. पाहुण्याच्या घरून मुक्कामासाठी पैसे निघालेले असतात, हे या घराला बहुधा माहीतच नसते. ते कंपनीकडे, संस्थेकडे, मधल्या माणसाकडे थांबतात, आणि सूनबाईच्या हातावर शेवटच्या दिवशी एक ओढणी आणि चॉकलेटचा डबा येतो.

पाहुण्याकडून पैसे घेणे आपल्या लोकांना बरे वाटत नाही, हे मान्य. "अतिथी देव" वगैरे सगळे खरे. पण हा देव तिकीट काढून आलेला आहे, आणि त्याच्या जेवणाचे पैसे दुसराच कुणी घेतो आहे. तेव्हा मुक्काम ठरतानाच संस्थेशी दर बोलून घ्यावा, तो कागदावर यावा, गट मोठा असेल तर ग्रामसभेत वाचला जावा. आणि रक्कम घरधन्याच्या हातात नको, घरातल्या बाईच्या बँक खात्यात, दर आठवड्याला.